बँड दिसला म्हणजे प्रथिन सापडले असे नाही: ट्यूमर-विषाणूंची प्रथिने ओळखण्याची क्रमवार पद्धत

वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वजनाप्रमाणे वेगळी केलेली प्रथिने पडद्यावर घेऊन अँटिबॉडीने शोधण्याची पद्धत) येतो, अँटिबॉडी नवी आहे, १८ किलोडाल्टनच्या आसपास काळी रेघ, म्हणजे बँड, उमटते आणि वहीत लिहिले जाते, 'एचपीव्ही-१६ ई७ मिळाले.' पुढच्या सेमिनारमध्ये कुणीतरी विचारते, 'विषाणू नसलेल्या पेशींची लेन (जेलवरचा एका नमुन्याचा पट्टा) कुठे आहे?' आणि सहा महिन्यांचे काम पुन्हा सुरू होते. बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. हात सफाईदार असतो, पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो. नियंत्रण-नमुने शेवटी आठवतात, ते सुरुवातीलाच ठरायला हवेत.

खालची पद्धत मुख्यतः एचपीव्ही-१६ (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेला पॅपिलोमा विषाणू) च्या ई७ या प्रथिनासाठी आहे, कारण ते सर्वांत जास्त फसवते. सोपा सराव हवा असेल तर एसव्ही-४० या माकडातल्या विषाणूच्या लार्ज टी अँटिजेन या प्रथिनापासून सुरुवात करा. तो भरपूर बनतो, टिकतो आणि पहिल्याच ब्लॉटवर दिसतो.

१. कागदावरचे वजन आणि जेलवरचे वजन

काम सुरू करण्याआधी प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम छापून समोर ठेवा. एचपीव्ही-१६ ई७ मध्ये ९८ अमिनो आम्ले आहेत, हिशेबाने वजन ११ किलोडाल्टन. जेलवर मात्र ते १७ ते २० च्या पट्ट्यात धावते. कारण क्रमातच आहे: पहिल्या ४९ अमिनो आम्लांत १५ आम्लधर्मी आहेत, आणि लायसिन-आर्जिनिन मिळून एकच, तेही अगदी ४९ व्या जागी. असा भाग एसडीएस (जेलमध्ये प्रथिनाला चिकटून ऋण भार देणारे डिटर्जंट) नीट धरत नाही, म्हणून प्रथिन आपल्या वजनापेक्षा सावकाश धावते. ११ वर शोधत बसलात तर रिकामी जागाच दिसेल.

त्याच विषाणूच्या दुसऱ्या प्रथिनाची, ई६ ची, १५१ अमिनो आम्ले, वजन सुमारे १८. म्हणजे ई६ आणि ई७ जेलवर जवळपास शेजारी येतात. 'लहान ते खाली, मोठे ते वर' असा अंदाज इथे चालत नाही. लार्ज टी ७०८ अमिनो आम्लांचा, हिशेबाने ८२ आणि जेलवर ९० च्या वर. एप्स्टाइन-बार विषाणूचे ईबीएनए-१ हिशेबाने ५६ च्या घरात, पण दिसते ७० ते ८० वर, आणि त्यातला ग्लायसिन-अ‍ॅलनिनचा पुनरावृत्त भाग लहान-मोठा असल्याने उपप्रकारागणिक बँड हलतो.

तपासणी: वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी आल्या का? हिशेबाचे वजन, जेलवर अपेक्षित वजन, अँटिबॉडी प्रथिनाचा कोणता भाग ओळखते, आणि ती कोणत्या प्राण्यात बनवली.

२. पेशी: निदान तीन प्रकारच्या, एकाच दिवशी

एचपीव्ही-१६ साठी कास्की आणि सिहा या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी. कास्कीत विषाणूच्या जनुकसंचाच्या सुमारे ६०० प्रती आहेत, सिहात एक-दोन. पहिला ब्लॉट कास्कीवरच करा. सिहात ई७ दिसत नाही म्हणून अँटिबॉडी टाकून देणारे बरेच भेटतात, दोष अँटिबॉडीचा नसतो.

हेला पेशीत एचपीव्ही-१८ असतो. एचपीव्ही-१६ साठीच बनलेली अँटिबॉडी हेलाच्या लेनमध्येही तितकाच ठळक बँड देत असेल तर ती दुसरेच काही पकडते आहे का, हे आधी शोधा. सी-३३ए पेशी गर्भाशयमुखाच्याच, पण त्यांत एचपीव्ही नाही. ती ऋण नियंत्रणाची लेन. लार्ज टी साठी जोडी सोपी आहे: २९३टी मध्ये तो आहे, साध्या २९३ मध्ये नाही.

सावधान: पी५३ आणि आरबी ही पेशीची वाढ आवरणारी प्रथिने; ई६ पी५३ ला आणि ई७ आरबीला संपवते. त्यांची तुलना करायची असेल तर सी-३३ए वापरू नका. तिच्यात ही दोन्ही जनुके आधीच बिघडलेली आहेत. तिथे पी५३ चा बँड जाड येतो तो बिघडलेल्या, साठून राहिलेल्या पी५३ चा. 'ई६ नाही म्हणून पी५३ वाढले' हा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या पेशींची एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख) आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूसाठी पीसीआर आधी करा. हेला दुसऱ्या पेशींच्या बाटलीत शिरून तिथलीच होऊन बसते, हा जुना रोग आहे. या सगळ्या पेशी जैवसुरक्षा स्तर-२ च्या कॅबिनेटमध्येच हाताळायच्या. ई७ चा प्लास्मिड घालून पेशी बदलायच्या असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी, प्लास्मिडची ऑर्डर नंतर.

३. द्रावणे: आदल्या दिवशी, आणि पीएच २५ अंशांवर

ट्रिसचा पीएच तापमानावर हलतो, दर अंशाला साधारण ०.०२८. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत ३८ अंशांवर ८.८ लावलात, तर तेच द्रावण २५ अंशांवर ९.१६ च्या आसपास असते. मग जेल वाकडे धावते आणि दोष अ‍ॅक्रिलमाइडच्या माथी येतो. बाटली २५ अंशांच्या पाण्यात ठेवून पीएच लावा.

पेशी फोडण्याचा रिपा बफर: ट्रिस ५० मिलीमोलर, पीएच ८.०, मीठ १५० मिलीमोलर, एनपी-४० १ टक्का, सोडियम डिऑक्सिकोलेट ०.५ टक्के, एसडीएस ०.१ टक्का. हे आधी करून ४ अंशांवर ठेवता येते. प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिने कापणारी एंझाइमे रोखणारी रसायने) मात्र पेशी खरवडण्याच्या अगदी आधी घालायचे. त्यांपैकी पीएमएसएफचा साठा १०० मिलीमोलर, म्हणजे १७.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉलमध्ये. वापरताना शंभरपट पातळ. पाण्यात ते तासाभरात निकामी होऊ लागते, त्यामुळे 'सकाळीच घालून ठेवले होते' याचा अर्थ घातलेच नाही. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच तोला.

अडवणीसाठी, म्हणजे पडद्याच्या रिकाम्या जागी अँटिबॉडी चिकटू नये म्हणून, स्किम्ड मिल्क पावडर लागते. किराणा दुकानातली चहाची डेअरी व्हाइटनर नको, तिच्यात साखर असते.

४. लायसेट: फोडलेल्या पेशींचे द्रावण

ई७ पेशीत फार टिकत नाही, आयुष्य तासा-दोन तासांचे. म्हणून डिश इनक्युबेटरबाहेर काढल्यापासून बर्फावर जाईपर्यंतचा वेळ मोजा. दहा डिश एकदम बाहेर काढून एकेक धुण्यापेक्षा दोन-दोन काढा.

अ) १० सेंटिमीटरची डिश ७० ते ८० टक्के भरलेली असावी. काठोकाठ भरलेल्या, पिवळ्या पडलेल्या माध्यमातल्या पेशी घेऊ नका.

आ) बर्फगार पीबीएसने दोनदा धुवा. दुसऱ्या धुण्यानंतर डिश तिरकी करून उरलेला थेंबन्थेंब ओढून काढा. इथे राहिलेले ३०० मायक्रोलिटर पीबीएस तुमचे रिपा निम्मे पातळ करते.

इ) ३०० मायक्रोलिटर रिपा घाला, स्क्रेपरने खरवडा, नळीत घ्या, बर्फावर २० ते ३० मिनिटे ठेवा.

ई) आता द्रावण पिपेटच्या टोकाला शेंबडासारखे लोंबेल. हा डीएनए आहे. २३ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढा किंवा बर्फावर छोटे सोनिकेशन द्या. पायरी गाळलीत तर नमुना लेनमध्ये नीट बसत नाही, शेजारच्या लेनमध्ये ओघळतो.

उ) ४ अंशांवर १४,००० जी, १५ मिनिटे. जी आणि आरपीएम एक नव्हेत, रोटरची त्रिज्या पाहून हिशेब करा.

सावधान: तळाचा गोळा लगेच फेकू नका. लार्ज टी, ईबीएनए-१ यांसारखी केंद्रकातली प्रथिने सौम्य बफरमध्ये गोळ्यातच अडकून राहतात. पहिल्या वेळी गोळाही लेमली बफरमध्ये (जेलवर चढवण्याआधी नमुन्यात घालायचा एसडीएसचा बफर) उकळून एका लेनमध्ये चालवा. प्रथिन तिथेच बसलेले निघाले तर वाईट अँटिबॉडीची तक्रार करण्यापासून वाचाल.

ई६-ई७ अगदीच कमी दिसत असतील तर खरवडण्यापूर्वी ४ तास एमजी-१३२ (पेशीतले प्रथिने मोडणे थांबवणारे औषध), १० मायक्रोमोलर. सोबत तेवढेच डीएमएसओ, म्हणजे औषधाचे नुसते द्रावक, दिलेली डिश हवीच. मात्र एमजी-१३२ दिलेल्या पेशीतली पातळी ही 'नेहमीची पातळी' म्हणून आकृतीत टाकू नये.

लायसेट छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० वर. एकच नळी पाच वेळा वितळवून-गोठवून वापरली की ई७ चा बँड प्रत्येक खेपेला फिका होत जातो, आणि आपण त्याला 'प्रयोगाचा परिणाम' म्हणतो.

५. मोजणी आणि लोडिंग

रिपामधल्या डिटर्जंटमुळे प्रथिन मोजण्याची ब्रॅडफर्ड पद्धत फसते. बीसीए पद्धत वापरा: ३७ अंशांवर ३० मिनिटे, ५६२ नॅनोमीटर. प्रमाण-रेषेचे बीएसए पाण्यात नव्हे, त्याच रिपामध्ये पातळ करा. डीटीटी असलेला बफर बीसीएला चालत नाही, म्हणून मोजणी आधी, लेमली नंतर.

हिशेब असा. कास्कीचे लायसेट प्रति मायक्रोलिटर ३.२ मायक्रोग्रॅम आले. ४० मायक्रोग्रॅम हवे, म्हणजे १२.५ मायक्रोलिटर, त्यात चारपट लेमली ४.२, एकूण १६.७. खाचेत आरामात बसते. सिहाचे १.६ आले तर २५ अधिक ८.३, म्हणजे ३३ च्या वर. १ मिलिमीटर जाडीच्या, दहा दातांच्या कंगव्याच्या खाचेत हे आरामात मावेलच असे नाही. अशा वेळी कमी भरायचे नाही. पेशी पुन्हा काढून १५० मायक्रोलिटरमध्ये फोडायच्या. लार्ज टी साठी २० मायक्रोग्रॅम पुरतात.

९५ अंशांवर ५ मिनिटे, थोडे थंड, एक झटका सेंट्रिफ्यूज, मगच लोड.

६. जेल

ई६-ई७ साठी १५ टक्के. १० मिलिलिटरचे माप: पाणी २.३, ३० टक्क्यांचे अ‍ॅक्रिलमाइड ५.०, दीड मोलर ट्रिस (पीएच ८.८) २.५, दहा टक्के एसडीएस ०.१, दहा टक्के एपीएस ०.१ मिलिलिटर, टेमेड ४ मायक्रोलिटर. लार्ज टी साठी ८ टक्के: पाणी ४.६, अ‍ॅक्रिलमाइड २.७, टेमेड ६ मायक्रोलिटर, बाकी तेच.

उन्हाळ्यात हे मिश्रण बीकरमध्येच घट्ट होते. द्रावणे फ्रिजमधून काढून वापरा; टेमेड कमी करून वेळ काढण्यापेक्षा हे बरे, कारण अर्धवट जमलेले १५ टक्के जेल बँड पसरट करते. उलट जानेवारीत जेल जमायला उशीर लागला तर आधी एपीएसची तारीख पाहा. न जमलेले अ‍ॅक्रिलमाइड मज्जासंस्थेला विषारी आहे, बेसिनमध्ये ओतू नका. जमू द्या, मग टाका.

८० व्होल्टवर वरचा भाग, १२० वर खालचा. निळी रेघ तळाशी पोचण्याच्या थोडे आधी थांबा. ई७ तिच्या फार मागे नसते.

७. ट्रान्सफर: ई७ इथे सर्वांत जास्त हरवते

जेलमधली प्रथिने ज्या पडद्यावर उतरवायची तो पीव्हीडीएफ पडदा ०.२ मायक्रॉनचाच. प्रयोगशाळेच्या कपाटात बहुधा ०.४५ ची गुंडाळी पडलेली असते, तिच्यातून ई७ आरपार निघून जाते. मिथेनॉलमध्ये ३० सेकंद, पाण्यात धुणे, मग ट्रान्सफर बफरमध्ये. बफर: ट्रिस २५ मिलीमोलर, ग्लायसिन १९२ मिलीमोलर, मिथेनॉल २० टक्के. १०० व्होल्ट, ६० मिनिटे, टाकीत बर्फाचा डबा. लार्ज टी साठी मिथेनॉल १० टक्क्यांवर आणा आणि ९० मिनिटे द्या.

तपासणी: पहिल्या वेळी पडद्यामागे दुसरा पडदा लावा. पॉन्सो रंगाने दोन्ही रंगवा. मागच्यावर खालच्या वजनाच्या रेघा दिसल्या तर वेळ कमी करा. पॉन्सोचा फोटो काढल्याशिवाय पडदा अडवणीच्या दुधात टाकायचा नाही, हा नियमच करा. नंतर वाद झाला की तोच फोटो कामी येतो.

५ टक्के दूध टीबीएसटीमध्ये १ तास. प्राथमिक अँटिबॉडी ई७ साठी १:५०० पासून सुरू करा, रात्रभर ४ अंशांवर. दहा-दहा मिनिटांची तीन धुणी. दुय्यम १:५०००, १ तास. प्राथमिक अँटिबॉडी टिकावी म्हणून सोडियम अ‍ॅझाइड घालतात ते ठीक, पण दुय्यम अँटिबॉडीत ते गेले की तिच्यावरचे, रेघ उमटवणारे एचआरपी एंझाइम मरते आणि पडदा कोराच राहतो.

पडदा कापून वर अ‍ॅक्टिन आणि खाली ई७ असा खर्च वाचवायचा असेल तर २५ च्या खुणेच्या बराच वर कापा. अगदी बँडपाशी कापलेली पट्टी परीक्षकाला कधीच पटत नाही, आणि पटू नयेच.

८. ओळख पक्की करणे

आत्तापर्यंत फक्त 'विषाणू असलेल्या पेशीत आहे, नसलेल्यात नाही' एवढे कळले. आता तो बँड घालवून दाखवायचा.

ई६-ई७ विरुद्ध एसआयआरएनए (ठरावीक एमआरएनए नष्ट करून त्याचे प्रथिन घटवणारा छोटा आरएनए; यालाच नॉकडाउन म्हणतात), २० नॅनोमोलर, ४८ ते ७२ तास. सोबत निरर्थक क्रमाचा एसआयआरएनए. बँड फिका व्हायला हवा आणि त्याच लायसेटमध्ये पी५३ व आरबी वर यायला हवेत. तिन्ही एकत्र झाले तर ओळख भक्कम. बँड तसाच राहिला आणि पी५३ मात्र वाढले, तर नॉकडाउन नीट झाले आहे; अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला धरून बसली आहे.

सावधान: ई६ आणि ई७ एकाच एमआरएनएवरून वाचली जातात. त्यामुळे 'फक्त ई७ बंद केले' असे लिहू नका. दोन्ही खाली जातात.

९. सोबती कोण: इम्युनोप्रेसिपिटेशन

इथे अँटिबॉडीने एक प्रथिन ओढून काढायचे आणि त्याला चिकटून दुसरे कोणते येते ते पाहायचे. यासाठी रिपा वापरू नका. त्यातले एसडीएस आणि डिऑक्सिकोलेट जोड्या सोडवते. ०.५ टक्के एनपी-४० चा बफर, लायसेट १ मिलिग्रॅम, अँटिबॉडी २ मायक्रोग्रॅम. आधी २० मायक्रोलिटर नुसत्या मण्यांबरोबर (अँटिबॉडी धरणारे बारीक मणी) अर्धा तास फिरवून चिकटणारा कचरा काढा, मग अँटिबॉडी रात्रभर, मग मणी २ तास, चार धुणी. उंदराची आयजीजी-१ असेल तर प्रोटिन-जी मणी घ्या. प्रोटिन-ए तिला नीट धरत नाही.

लेन किमान तीन: ५ टक्के मूळ लायसेट, साधी आयजीजी (काहीही ठरावीक न ओळखणारी अँटिबॉडी), खरी अँटिबॉडी. साध्या आयजीजीची लेन नसलेले इम्युनोप्रेसिपिटेशन परत करावेच लागते, मग आजच का नको?

ई७ ची इथली मोठी अडचण अशी की अँटिबॉडीची हलकी साखळी २५ वर येते आणि ई७ च्या अगदी डोक्यावर बसते. ओढायला उंदराची अँटिबॉडी आणि पाहायला सशाची, किंवा अँटिबॉडी मण्यांना रसायनाने कायमची जोडलेली, असे करा. आरबी ओढून ई७ पाहणे अनेकदा सोपे जाते. पण कास्कीत आरबी मुळातच कमी असते, कारण ई७ च तिला संपवत असते. त्यामुळे आधी ४ तास एमजी-१३२ द्या. ई७ आरबीला धरते ते २२ ते २६ या जागांवरच्या ल्युसिन-टायरोसिन-सिस्टीन-टायरोसिन-ग्लुटामिक या तुकड्याने. तुमची अँटिबॉडी हाच भाग ओळखत असेल तर जोडी झालेली ई७ तिला दिसणारच नाही.

१०. स्वभाव: आयुष्य, जागा, फॉस्फेट

आयुष्य: नवी प्रथिने बनणे थांबवणारे सायक्लोहेक्सिमाइड, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ०, ३०, ६०, १२०, २४० मिनिटे. सर्व डिश एकाच वेळी लावा आणि औषध उलट्या क्रमाने द्या, म्हणजे सगळ्या एकाच क्षणी काढता येतात. चार तासांचा हा प्रयोग नवरात्रात दुपारी चारला सुरू करू नका. शेवटची डिश गरब्याच्या घाईत खरवडली जाते.

जागा: केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे केल्यावर लॅमिन (केंद्रकातले प्रथिन) आणि ट्युब्युलिन (पेशीद्रवातले) दोन्ही तपासा. केंद्रकाच्या लेनमध्ये ट्युब्युलिन दिसले तर विभाजन झालेच नाही.

फॉस्फेट: ई७ च्या ३१ आणि ३२ या जागांवरच्या सेरीनवर केसीन कायनेज-२ फॉस्फेट लावते. ते काढून पाहायला फॉस्फेट तोडणारे एंझाइम लॅम्डा फॉस्फेटेज, १ मिलीमोलर मँगनीज क्लोराइड, ३० अंशांवर ३० मिनिटे. नेहमीची चूक: लायसेटमध्ये सवयीने घातलेले फॉस्फेटेज इनहिबिटर. बँड हलत नाही आणि 'फॉस्फेट नाही' असे लिहिले जाते. या प्रयोगाचे लायसेट त्यांच्याशिवाय, आणि ईडीटीएशिवायही बनवा.

११. मास स्पेक्ट्रोमेट्रीला (तुकड्यांच्या वजनावरून प्रथिन ओळखणे) नमुना देण्याआधी

बँड कापायच्या जेलजवळ मोकळ्या केसांनी, उघड्या मनगटांनी बसू नका. नाहीतर यादीत पहिली चार नावे केराटिनची, म्हणजे तुमच्याच केस-त्वचेच्या प्रथिनाची, येतात. रंग कुमासीचा. चांदीचा रंग दिलाच तर ग्लुटाराल्डिहाइड नसलेला.

नमुन्याचे तुकडे करणारे ट्रिप्सिन एंझाइम लायसिन-आर्जिनिनपाशी कापते. एचपीव्ही-१६ ई७ वर कापून पाहा: तुकडे पडतात ४९, ११, ६, ११ आणि २१ अमिनो आम्लांचे. ९७-९८ या जागी लायसिननंतर प्रोलिन आहे, तिथे ट्रिप्सिन सहसा कापत नाही. पहिला तुकडा फार लांब, तिसरा फार छोटा. हाताशी राहतात दोन-तीन. म्हणून दुसरा नमुना ग्लु-सी किंवा अ‍ॅस्प-एन एंझाइमने कापून द्या. आम्लधर्मी अर्ध्या भागात त्याला कापायला भरपूर जागा आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ई७ मध्ये सात सिस्टीन आहेत आणि ट्रिप्सिनच्या पाचही तुकड्यांत निदान एक तरी येते. डीटीटी आणि आयोडोअ‍ॅसिटामाइडची प्रक्रिया झाली असेल तर प्रत्येक सिस्टीनचे वजन ५७.०२ डाल्टनने वाढलेले असते. शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा बदल निवडायचा राहिला, तर ई७ चा एकही तुकडा जुळणार नाही, नमुना कितीही चांगला असो.

आणि शोध ज्या क्रमसंग्रहात होणार आहे तो कोणता, हे फॉर्म भरतानाच लिहा. बहुतेक ठिकाणी ठरावीक निवड फक्त मानवी प्रथिनांची असते. विषाणूचे प्रथिन त्यात नाही, म्हणजे अहवालात ते येणारच नाही. मानवी क्रम, एचपीव्ही-१६ चे क्रम आणि नेहमीच्या भेसळीच्या प्रथिनांचे क्रम, अशी तिन्हींची एक फाइल करून नमुन्यासोबत पाठवा.